नाताळचा केक आणि मंगळवारची उपासना

प्रति,
मा. संपादक,

विषय : ख्रिस्ती समाजाच्या रोजच्या उपासनेविषयी

महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाची मी गेल्या चाळीस वर्षांची वाचक आहे आणि नाताळनिमित्त आपण दरवर्षी काढता ती पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचा माझा नेम आहे. यंदाही वाचली. चांदणी होती, सांताक्लॉज होता, मुंबईतल्या एका जुन्या चर्चचे रोषणाईचे छायाचित्र होते आणि प्लम केकची कृती होती. पुरवणी निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्याच कार्यालयातून एका तरुण मुलीचा मला फोन आला होता. बोलायला फार गोड होती. ‘बाई, तुमच्याकडे केकची तयारी कधीपासून सुरू होते?’ असे तिने विचारले. आमच्याकडे नाताळला करंज्या, शेव, चकल्या आणि रव्याचे लाडू होतात, आमची आजीही हेच करीत असे, केक मात्र चौकातल्या बेकरीतून येतो, असे मी तिला सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तिने आभार मानून फोन ठेवला. पुरवणीत करंजी आली नाही, हे सांगायला नकोच.

मी हे पत्र करंजीसाठी लिहीत नाही. नगर जिल्ह्यातल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर) एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात माझा जन्म झाला आणि सारी नोकरीही शिक्षिका म्हणून याच जिल्ह्यात झाली. इतक्या वर्षांत वृत्तपत्रांनी आमच्याकडे दोनच निमित्तांनी पाहिलेले मी अनुभवले आहे. एक निमित्त 25 डिसेंबरचे आणि दुसरे धर्मांतराच्या वादाचे. या दोहोंच्या मध्ये जे तीनशेहून अधिक दिवस उरतात, त्या दिवसांत ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेचे काय करतो, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. खरे सांगायचे तर आमच्या मंडळींतही तो फारसा कोणी विचारीत नाही. म्हणून हे पत्र जितके आपल्याला तितकेच माझ्या माणसांनाही आहे.

आम्ही मराठी प्रॉटेस्टंट रविवारच्या भक्तीला ‘उपासना’ म्हणतो. शब्द जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ जवळ बसणे इतकाच आहे. देवाजवळ बसायला रविवारी सकाळी दोन तास मिळतात, हे ठीक. पण येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच जी विनंती केली आहे, ती गीत गाण्याची किंवा देवळात येण्याची नाही. आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, अशी आहे. शरीर म्हणजे हात, पाय, पाठ, जीभ. ती रविवारी दुपारी घरी येतात, सोमवारी बाजारात जातात आणि मंगळवारी कचेरीत एखाद्याचा अर्ज पुढे सरकवतात किंवा अडवून ठेवतात. पौलाच्या हिशेबाने तो अर्ज पुढे सरकवणे हीसुद्धा उपासनाच झाली. यात मी नवे काही सांगत नाही. संदेष्टा आमोस याने तर येशूच्या कितीतरी शतके आधी बजावून ठेवले होते की गरिबाला नाडणाऱ्यांच्या गाण्यांचा गोंगाट देवाला नकोसा होतो.

माझ्या आईला आमोस कितपत ठाऊक होता, हे मला सांगता येणार नाही. तिला अक्षरओळख जेमतेम होती. पण तिच्याकडे पत्र्याचा एक डबा होता. रोज भाकरीसाठी पीठ काढताना ती परातीत पडलेल्या पिठातून एक मूठ उचलून त्या डब्यात टाकी आणि मगच पिठात पाणी घाली. घरात पीठ भरपूर असले की मूठ मोठी, महिनाअखेर मूठ लहान. पण मूठ चुकली असे मी कधी पाहिले नाही. शनिवारी संध्याकाळी डबा रिकामा होई. त्यातले पीठ कधी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरी जाई, कधी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवा बाईकडे. ती बाई ख्रिस्ती नव्हती. आईला कोणी याबद्दल विचारले तर ती एवढेच म्हणे, ‘देवाची मूठ हाय ती.’ पुढे वाचनात आले की मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत हीच रीत ‘बुहफाई थाम’ या नावाने विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. तिथे भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला निघतात आणि त्या मुठींवर मंडळीचे मोठे काम चालते. माझ्या आईने मिझोराम नकाशातही पाहिले नव्हते. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला हाताशी असलेल्या पिठातूनच अर्पण सुचावे, यात नवल नाही.

आता स्वतःविषयी थोडे लिहिते, कारण आईचे गोडवे गाऊन आपण सुटका करून घेणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या घराच्या छतावरून येणाऱ्या पावसाच्या पाइपावरून माझे आणि शेजारणीचे वाजले. तो पाइप माझ्या भिंतीच्या कडेला सुटत असे आणि पावसाळाभर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरत असे. शेजारीण आमच्याच मंडळीतली, देवळात माझ्या तीन बाक पुढे बसणारी. आठ महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ‘जय ख्रिस्त’ म्हणण्याची वेळ आली की एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडे पाहून म्हणायचो. अशातच एका रविवारी प्रभुभोजन होते. आमच्याकडे पंच, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे लोक, भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले तबकातून बाकाबाकाने फिरवतात. त्या दिवशी पाळकसाहेबांनी डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग वाचला, ज्यात येशू म्हणतो की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. तबक माझ्यापर्यंत आले. मी पेला उचलला नाही आणि तबक पुढे दिले. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने चमकून माझ्याकडे पाहिले. त्या एका क्षणी मला जितके अवघडल्यासारखे झाले, तितके वर्गासमोर फळ्यावर चुकीचे उत्तर लिहून गेल्यावरही कधी झाले नव्हते.

सोमवारी संध्याकाळी मी शेजारणीच्या दारात गेले. वाटेत दोनतीनदा परत फिरावेसे वाटले, तेही कबूल करते. तिने दार उघडले, आत बोलावले, चहा ठेवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘पाइप आमचा आहे, कबूल. पण वर जाळीत पाला तुमच्या कडुलिंबाचा अडकतो, बाई. तो कोण काढणार?’ हे मला इतक्या वर्षांत सुचलेही नव्हते. आम्ही दोघी शिडी लावून वर गेलो. म्हणजे ती गेली. मी शिडी धरली. जाळीतून टोपलीभर पाला निघाला. भिंतीची ओल पुढच्या पावसात कमी झाली, गेली नाही, कारण पाइपाची दिशा अजून चुकलेलीच आहे आणि त्यावर आमचे मतभेदही अजून तसेच आहेत. पण पुढच्या प्रभुभोजनाला मी पेला घेतला. आयुष्यात शेकडो वेळा घेतलेल्या पेल्यांपैकी तो एकच मला नीट आठवतो.

इतिहासाकडे वळायचे तर आमच्या महाराष्ट्रात याची उदाहरणे थोडी नाहीत. फक्त ती ‘ख्रिस्ती उपासना’ या सदराखाली कोणी मांडत नाही. पंडिता रमाबाईंचे नाव आपले वाचक स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात ओळखतात. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या, मुक्ती सदन उभे केले, हेही पुष्कळांना ठाऊक असते. मला त्या मुलींच्या हातांविषयी अधिक वाटते. तिथे शेती होती, दुभती जनावरे होती, विणकाम होते आणि छापखानाही होता. रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद मूळ भाषांवरून करायचा म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या, साध्या माणसाला कळेल अशी मराठी व्हावी असा आग्रह धरला आणि त्या अनुवादाचे छपाईचे खिळे केडगावच्याच बायकामुलींनी जुळवले. दुष्काळात आईबाप गमावलेल्या आणि इथे आल्यावरच अक्षर शिकलेल्या एखाद्या मुलीने शिशाचे उलटे अक्षर चिमटीत धरून ‘परमेश्वर’ हा शब्द जुळवला असेल. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या आणि ते संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. खिळे जुळवणाऱ्या त्या मुलीला कोणी विचारले असते की तुझी उपासनेची वेळ कोणती, तर तिने काय उत्तर दिले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. बहुधा तिला प्रश्नच कळला नसता.

दुसरे उदाहरण माझ्याच जिल्ह्यातले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 साली जामखेडला आले. त्यांच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाला पुढे जगभर मान मिळाला, 1979 साली मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. पण मला त्यातली हातपंपांची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या तेव्हा त्यांनी हातपंप दलित वस्त्यांत बसतील अशी व्यवस्था केली. पाणी हवे तर सवर्णांच्या बायकांनी हंडा घेऊन दलित वस्तीत यायचे. भाषण नाही, मोर्चा नाही, एक लोखंडी दांडा आणि त्याखाली रांग. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीजवळ विहिरीवर बसून प्यायला पाणी मागणाऱ्या येशूची गोष्ट मी शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना कितीतरी वेळा सांगितली आहे. ती गोष्ट खरोखर कळली असेल तर ती अशी दिसते, असे मला जामखेडची हकिगत ऐकल्यावर वाटले. गावोगावच्या ज्या स्त्रियांना आरोळ्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले, त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या आणि बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण ख्रिस्ती माणसाने कोणाच्या तापल्या कपाळावर हात ठेवला की ‘यामागे हेतू काय?’ असे विचारणारे आता चहाच्या टपरीवरही भेटतात. प्रश्न विचारू नये, असे मी म्हणत नाही. आमिष म्हणून केलेली सेवा ही आमच्या शास्त्राच्या दृष्टीनेही उपासना नव्हे, तो व्यापार आहे, आणि तसे कोणी करीत असेल तर त्याला सर्वांत आधी आम्हीच हटकले पाहिजे. पण हातपंपाला हेतू विचारणाऱ्याने आधी हंडा घेऊन त्या रांगेत उभे राहून पाहावे.

आमच्या कॅथलिक बांधवांची परंपरा वेगळी आहे आणि तिच्याविषयी अधिकाराने लिहिण्याइतकी माझी माहिती नाही. तरी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. उस्मानाबादला 2020 साली झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते आपल्या वाचकांच्या स्मरणात असतील. हरित वसईसाठी त्यांनी जी लढाई दिली, तीत मिस्सा सांगणारा धर्मगुरू कुठे संपतो आणि विहिरींचे पाणी व बागायती राखू पाहणारा वसईकर कुठे सुरू होतो, ती रेघ कोणालाच ओढता आली नसती.

आता माझ्या माणसांविषयी. अलीकडे आमच्या तरुण मुलांच्या तोंडी ‘वर्शिप’ हा शब्द असतो आणि त्याचा अर्थ की-बोर्ड, ड्रम आणि पडद्यावर उमटणाऱ्या ओळींच्या साथीने सलग चाळीस मिनिटे गायलेली गाणी, एवढाच उरला आहे. ‘आज वर्शिप फार छान झाली’ असे एक मुलगा परवा म्हणाला. त्याला गाणी म्हणायचे होते. मला त्या गाण्यांचा राग नाही. ज्या वयात मुले देवळाकडे पाठ फिरवतात त्या वयात ती येऊन उभी राहतात, हे काय कमी आहे? शिवाय नव्या गाण्यांना नाके मुरडण्याचा हक्क नगरकरांना तरी नाही, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळकांची जी भजने आज आम्ही पूर्वजांचा ठेवा म्हणून डोळे मिटून गातो, तीही एके काळी नवीच होती. परदेशी चालींत अडकलेल्या उपासनेत अभंग आणि ओवी त्यांनी रुजवली, टाळमृदंगासह कीर्तनेही केली. मात्र त्याच टिळकांना शेवटी देवळाच्या भिंती पुरल्या नाहीत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. 1917 साली मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूचे म्हणवणारे सगळे एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, 1919च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार पुढे फारसा चालला नाही. चालला असता तर काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे. पण ज्याची गीते आपण रविवारी गातो त्याला रविवार अपुरा वाटत होता, इतके तरी ध्यानात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहिते. प्रभुभोजनाचे तबक आमच्यात सर्वांपुढून एकच फिरते. रविवारी त्यात भेद नाही. पण घरात मुलामुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातोच, तीन-चार पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या घरांतही विचारला जातो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही; म्हणजे सरकारी कागदावर आमची जात गेली आणि सोयरिकीत तेवढी राहिली. या अन्यायाविरुद्ध आम्ही निवेदने देतो, ती दिलीच पाहिजेत. पण त्याच निवेदनावर सही करणारा हात घरी येऊन स्थळाची जात पडताळत असेल, तर त्या हाताचे अर्पण कोणते, हे त्याने स्वतःला विचारावे. देवळांच्या जागांवरून आणि विश्वस्तपदांवरून कज्जे लढवणाऱ्यांविषयी मी लिहिणार नाही. ते आपण बातम्यांत छापताच.

संपादक महोदय, माझी आपल्याला एक साधी विनंती आहे. नाताळची पुरवणी आपण जरूर काढा, केकही छापा. पण एकदा सुगी झाल्यावर आपला एखादा वार्ताहर आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या मंडळीकडे हंगामाच्या सणाला पाठवा. त्या दिवशी शेतकरी कुटुंबे ज्वारीची पायली, कांद्याची पिशवी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, पपई, लाल भोपळा असे जे घरचे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. ज्याच्याकडे शेत नाही तो दुकानातून गुळाची ढेप आणतो. उपासना झाली की देवळाच्या अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो. आजूबाजूचे हिंदू आणि मुसलमान शेजारीही बोली बोलायला येतात, कारण कोंबडी स्वस्तात पडते असा त्यांचा समज असतो आणि तो दरवर्षी खोटा ठरतो. मी लहानपणी पाहिलेला एक भोपळा चार वेळा विकला गेला. ज्याने घेतला त्याने पैसे मोजले आणि भोपळा पुन्हा मंडळीला देऊन टाकला. तो पुन्हा लिलावात चढला, दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत केला. चौथ्या वेळी तो गल्लीच्या टोकाच्या त्याच विधवा बाईने आठ आण्यांना मागितला आणि त्यापुढे कोणी बोली वाढवली नाही. पुकारणारे पंच तरीही नियमाप्रमाणे तीन वेळा ‘आठ आणे’ म्हणाले, मोठ्याने, आणि मग भोपळा त्यांनी स्वतः उचलून तिच्या घरापर्यंत नेऊन दिला.

वार्ताहर येणार असेल तर आधी कळवावे. जेवणाची सोय होईल.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर